नसलेल्या बटणांचं दुकान

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात आमच्या दुकानात मोजून नऊ गिऱ्हाइकं आली, आणि त्यातली दोन पत्ता विचारायला. एरवी मला हे कळलंही नसतं. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर बसले. सकाळी आठला घर सोडायचं, दिवसभर "नाव सांगा, वय सांगा, पुढचे या" करायचं आणि संध्याकाळी घसा बसवून परतायचं. दुकान ह्यांचं. बटणांचं. तशा चेन, हूक, इलॅस्टिकही ठेवलेत, पण ते ह्यांच्या लेखी बाजारबुणगे.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पुठ्ठ्याचे चारशे बारा डबे, आणि प्रत्येक डब्याच्या तोंडावर दोऱ्याने शिवलेलं एक बटण. मधे काउंटर आणि काउंटरमागे आमचे हे. गिऱ्हाईक जुना कोट किंवा स्वेटर घेऊन येतं आणि म्हणतं, "याचं एक बटण पडलंय हो." हे चष्मा कपाळावर चढवतात, उरलेलं बटण अंगठ्याने चाचपतात, शिडी सरकवतात, वर जातात, एका डब्यावर बोट ठेवतात, परत खाली बघून विचार करतात. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांत मी खिडकीवरून पंधरा माणसं आत पाठवायचे.

मंदी आली तेव्हा ह्यांचं म्हणणं होतं की आपल्याला कसली भीती? लोक नवे कपडे घेणार नाहीत, जुनेच शिवून वापरतील, म्हणजे बटणं खपणारच. ऐकायला बरं वाटायचं. पण आमची खरी मिळकत होती शिंप्यांवर आणि गावाबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यांवर. ते पेट्यांनी माल उचलायचे. त्यातले दोन कारखाने बंद पडले आणि शिंपी हातावर हात ठेवून बसले. राहता राहिला तो एक बटण पडलेला माणूस, आणि एका बटणासाठी बसचं तिकीट काढून यायला तो काही वेडा नव्हता. आमच्या रस्त्यावरचं चपलांचं दुकान बंद झालं, मग दिव्यांचं, आणि मग घड्याळवाल्यानेही शटर ओढलं.

एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "सहा महिन्यांनी जागेचा करार संपतोय. सोडून द्यावं म्हणतो."

मीठ मागावं तितक्या सहज म्हणाले. मी निवृत्त झाले होते ती या माणसाबरोबर चार दिवस सुखाने काढायला, आणि दुकान नसलेला हा माणूस कसा असतो ते मला चांगलं ठाऊक होतं. एकदा पाय मुरगळला म्हणून तीन आठवडे घरी बसले होते. पहिल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरातले चमचे लांबीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कोटांची बटणं मोजली. तिसऱ्या आठवड्यात काहीच केलं नाही, नुसते बसून राहिले, आणि ते मला बघवेना. तोच माणूस आता मला कायमचा मिळणार होता.

मी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. हा गुण कुणाकडून आला ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

"आई, ऑनलाइन विका," ती म्हणाली. "एक बटण पडलेली माणसं जगभर आहेत. ती तुमच्या दुकानापर्यंत येत नाहीत, तर दुकान त्यांच्यापर्यंत न्या."

"अगं, पण या दिवसांत पैसे घालायचे?"

"याच दिवसांत घालायचे. साइट बनवणारे रिकामे बसलेत, निम्म्यात काम करतील. कुरियरवाले सवलत देतायत. आणि बाबांकडे आता वेळच वेळ आहे. धंदा जोरात असताना हे कोण करत बसणार?"

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी दुकानात माझंच म्हणून सांगितलं. समोरच्या गाळ्यातले टेलरमास्तर नेमके काउंटरवर कोपर टेकून उभे होते. काम नसल्यामुळे ते हल्ली अर्धा दिवस आमच्याकडेच असायचे.

"वहिनी, ऐका माझं," मास्तर म्हणाले. "मंदीत माणसाने हात आखडता घ्यावा. असलेले पैसे सांभाळावे. लोक भाकरीची चिंता करतायत आणि तुम्ही कॉम्प्युटरवर बटणं विकणार?"

"हात आखडता घेऊन तुमचं काय झालं मास्तर? तुम्ही इथे उभे आहात."

"अगं!" हे म्हणाले.

"राहू द्या हो," मास्तर हसले. "वहिनी बोलल्या ते खरंच आहे. पण पैसे जाणार तुमचे, माझे नाहीत."

"आणि आणायचे कुठून?" ह्यांनी विचारलं.

"माझे आहेत की. निवृत्तीचे आलेत त्यातला तिसरा हिस्सा."

हे गप्प बसले. ह्यांच्या गप्प बसण्याचे दोन प्रकार आहेत. एकात नकार असतो आणि दुसऱ्यात "तुझ्याशी कोण वाद घालणार" असतं. हा दुसरा होता. शेवटी एवढंच म्हणाले, "तुझं ते तू बघ. मला त्या फोनच्या पडद्यात डोकं घालायला सांगू नकोस. मला कागदावर डब्याचा नंबर दे, मी माल बांधीन."

ठरलं. पुढच्याच आठवड्यात वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि हे आठ दिवस बहिणीकडे गेले. मी म्हटलं, देवच पावला. लेक रजा घेऊन, कॅमेरा आणि दोन दिवे घेऊन आली. डबा काढायचा, पुसायचा, तोंडावरच्या बटणाचा फोटो घ्यायचा, डबा जागेवर. "पुढचा," मी म्हणायचे. लेक एकदा म्हणालीसुद्धा, "आई, डबे उघडून बघूया का?" मी म्हटलं, "कशाला? बाहेर नमुना शिवलाय तो कशासाठी? चारशे डबे उघडत बसलो तर तुझी रजा संपेल." चार दिवसांत चारशे बारा फोटो झाले. फोटो असे सुरेख आले होते की मलाच चार बटणं विकत घ्यावीशी वाटली. हे परत आले त्या दिवशी साइट सुरू झाली, आणि मी मास्तरांना चहा पाजला, जरा दिमाखातच.

पहिल्या दहा दिवसांत तेवीस ऑर्डरी आल्या. तेवीस! मी त्या कागदावर उतरवून काउंटरवर ठेवायचे: डबा दोनशे सात, सहा नग. डबा एक्केचाळीस, दोन नग. हे शिडीवर चढायचे, मोजून काढायचे, पाकिटात घालायचे. तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण शिट्टी वाजवायला लागले होते. मी मनातल्या मनात करार वाढवूनही टाकला होता.

अकराव्या दिवशी पहिलं पाकीट परत आलं. मग दुसरं, मग एकदम चार. सोबत तक्रारी. एकाने लिहिलं होतं, "मी निळं मागवलं, तुम्ही राखाडी पाठवलं." एका बाईंनी लिहिलं, "चार भोकांच्या जागी दोन भोकं? तुम्ही डोळे मिटून माल बांधता का?" माझं डोकंच फिरलं. मी तरातरा काउंटरपाशी गेले आणि म्हटलं, "अहो, तुम्हाला नंबर वाचता येतात ना? दोनशे सात म्हणजे निळं. हे बघा!" आणि फोन ह्यांच्या नाकासमोर धरला.

ह्यांनी चष्मा खाली घेतला. फोटो बघितला. बोटाने पुढचा सरकवला, मग त्याच्या पुढचा. आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं, माणूस गेला हातचा.

"अगं, हे सगळे गेलेले आहेत!"

"गेलेले म्हणजे?"

"संपलेले. एखादा माल कायमचा बंद झाला की त्याचं शेवटचं बटण मी डब्यावर शिवतो. आणि त्याच्याशी सगळ्यात जुळणारं जे आणलं ते आत भरतो."

"हे काय उफराटं! असलेलं आत आणि नसलेलं बाहेर?"

"उफराटं कसं? लोक काय घेऊन येतात? जुना कोट. त्याच्यावरचं बटण जुनं. मला जुनं ओळखता यायला नको? बाहेरच्याशी जुळवायचं आणि आतलं द्यायचं. नेहमी तसंच करतो मी."

चौतीस वर्षं संसार केला आणि हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, डब्यांवर बटणं आहेत म्हणजे नमुने आहेत, त्यात काय विचारायचं? निवृत्तीचा तिसरा हिस्सा ओतून, लेकीची रजा वाया घालवून, मी चारशे बारा बटणांचे सुरेख फोटो जगासमोर मांडले होते आणि त्यातलं एकही विकायला आमच्याकडे नव्हतं. मी मागच्या खोलीत गेले, रिकाम्या पेट्यांवर बसले आणि रडले. पैशांचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त याचं वाटलं की माझ्या घाईने ह्यांचं दुकान आणखी लवकर बुडणार, आणि मी ते वाचवायला आले होते.

बाहेर येऊन म्हटलं, "मी आजच ते बंद करायला सांगते. सगळ्यांचे पैसे परत करू."

"थांब जरा," हे म्हणाले. त्यांच्या हातात तो ऑर्डरींचा कागद होता. "यांचे फोन नंबर आहेत का?"

"आहेत. पण ऑनलाइनमध्ये कुणी फोन करत नाही. लोकांना आवडत नाही ते."

"बटणाचं काय ते त्यांना आणि मला कळतं. दे नंबर."

पहिला फोन दोनशे सातवाल्या बाईंना. मी शेजारी उभी राहिले, घड्याळाकडे बघत.

"नमस्कार, मी बटणांच्या दुकानातून बोलतोय. हो, तेच राखाडीवाले. चूक आमची आहे, पण मला एक सांगा, कोट कुणाचा आहे? वडिलांचा? अस्सं. त्याच्यावर एकतरी बटण शिल्लक आहे का? एकही नाही? मग तुम्हाला निळंच होतं हे कसं कळलं? फोटोत दिसतं, बरं. आता असं करा, काजांवर अंगठा ठेवा. काज अंगठ्याच्या नखापेक्षा मोठं आहे की लहान?"

मी कपाळावर हात मारला. पण बाई बोलत होत्या. वडील तो कोट घालून कुठे कुठे जायचे, शेवटच्या आजारपणात त्यांनी बटणांशी चाळा करत ती कशी एकेक तोडली, आणि आता भावाच्या मुलाला तो कोट नेमका बसतो, सगळं सांगत होत्या. हे "हं, हं" करत होते. पंचवीस मिनिटांनी म्हणाले, "ते निळं आता बनत नाही. पण त्याचा एक जवळचा नातेवाईक माझ्याकडे आहे, जरा गडद. राखाडी नव्हे, ते नुसतं मापाला जुळणारं होतं. तुमच्या भाच्याला गडद शोभेल. पाठवू?" त्यांनी सहाऐवजी आठ मागवली. दोन जास्तीची, पडतील म्हणून.

तीन दिवस हे फोनच करत होते. मास्तर समोरून येऊन स्टूल ओढून ऐकत बसायचे. मधेच म्हणायचे, "अहो, काज आडवं आहे का विचारा," आणि हे विचारायचे. तेवीसपैकी चौदा जणांनी नातेवाईक घेतले. पाच जणांचे पैसे परत केले; त्यातल्या एकाने ह्यांना बडबड्या म्हटलं, ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. उरलेल्या चौघांना तेच हवं होतं, हुबेहूब तेच, दुसरं नको. त्यांना हे म्हणाले, "शोधतो. शब्द देतो. कुठेतरी कुणाच्या गोदामात पडलेलं असणार."

मी लेकीला सगळी कबुली दिली. याआधी मी चूक कबूल केली होती ती एकदाच, तिच्या लग्नात, म्हणून तिने ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. मग म्हणाली, "रजा टाकते. डब्यांतल्या मालाचे फोटो काढू, हे जुने उतरवू."

"उतरवू नका," हे मागून म्हणाले. "लोक जुनंच शोधत आलेत ना? त्यांना ते दिसू दे. खाली खरं काय ते लिहा."

म्हणून आता प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं असतं: हे बटण संपलं आहे. याचा जवळचा नातेवाईक दुकानात आहे. तुमच्या कपड्याचा फोटो पाठवा आणि वेळ असेल तर फोन करा. लेक म्हणाली, असं वाक्य तिने कुठल्याही साइटवर वाचलेलं नाही. ह्यांना ती स्तुती वाटली.

त्यानंतर काही सोन्याचा पाऊस पडला नाही. मास्तर विचारतात तेव्हा मी त्यांना आकडे सांगत नाही, पण इथे सांगते: तिसऱ्या महिन्यात ऑनलाइनच्या विक्रीतून जेमतेम विजेचं बिल निघालं आणि पाचव्या महिन्यात दुकानाचं भाडं. घर माझ्या पेन्शनवर चालतं. माझ्या तिसऱ्या हिश्शातला निम्मा अजून वसूल व्हायचाय. मंदी तशीच आहे, घड्याळवाल्याचं शटर अजून खालीच आहे. पण मास्तरांना काम मिळालं. बटण लावून द्या म्हणणारे लोक आता कपडेच पाठवतात आणि ते मास्तर शिवतात. त्यासाठी ते माझे आभार मानत नाहीत, ह्यांचे मानतात. मानू देत.

मी फोन उचलते, नाव लिहून घेते, कपड्याचा रंग विचारते आणि ह्यांच्याकडे देते. "पुढचे या" म्हणायची सवय मात्र गेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांशी परवा मीच पंधरा मिनिटं बोलले, त्यांच्या स्वेटरबद्दल. संध्याकाळी आम्ही दोघं मिळून पाकिटं बांधतो, हे शिट्टी वाजवतात, मी पत्ते लिहिते. मला फार बरं वाटतं, आणि ते लपवायचं वय आता राहिलं नाही.

कराराच्या महिन्यात जागामालकीणबाई आल्या. त्यांचे या रस्त्यावर पाच गाळे, त्यातले तीन रिकामे. एरवी उभ्या उभ्या बोलून जाणाऱ्या बाई स्टुलावर बसल्या. आमचं दोघांचं आधीच ठरलं होतं: एकाच वर्षाचं बोलायचं. माझे उरलेले पैसे तेवढंच भाडं ओढू शकतात, आणि पुढचं कोणी पाहिलंय?

"वर्षभर तर वर्षभर," मालकीणबाई म्हणाल्या. "भाडं आहे तेच ठेवते. हल्ली कोणी राहतंय तेच पुष्कळ."

मी मान डोलावली. हे मात्र काउंटरखालच्या खणातून एक वही काढून पानं उलटायला लागले.

"एका वर्षात कसं होणार?" ते स्वतःशीच म्हणाले. "अकरा जण झालेत."

"कोण अकरा जण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ज्यांना तेच बटण हवंय, दुसरं नको. मी शोधतो म्हणून शब्द दिलाय. बंद पडलेल्या कारखान्यांना पत्रं टाकलीत, गोदामवाल्यांना फोन केलेत. आतापर्यंत एकाचंच सापडलंय. ते काही झटपट होणारं काम नाही." मग वही मिटून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण पैसे हिचे आहेत. हिला विचारा."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. हेही बघत होते. काही मागत नव्हते, नुसते बघत होते, माझ्याकडून जे येईल ते घेणार होते. हिशोब मला तोंडपाठ होता. एक वर्ष म्हणजे शहाणपण. तीन म्हणजे धाडस. पण सहा महिन्यांपूर्वी जेवताना दुकान सोडून द्यावं म्हणणारा माणूस आज अकरा परक्या माणसांसाठी एक वर्ष पुरत नाही म्हणून तक्रार करत होता, आणि हे मला ज्या पैशांत मिळालं त्याहून स्वस्त काही मी उभ्या आयुष्यात घेतलेलं नाही.

"पाच वर्षांचा करा," मी म्हटलं.

"पाच?" मालकीणबाई म्हणाल्या. "या दिवसांत?"

"बटणं शोधायला वेळ लागतो हो."

ह्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं. तेव्हा त्यांचं सगळं लक्ष माझ्या बाहीवरच्या बटणांकडे होतं.